यादीतले शेख एक की दोन?

एकाच नावाखाली त्वचेच्या कर्करोगावरचे शोधनिबंध आणि इस्लामी कायद्याच्या इतिहासावरचे लेख दिसले, की निवड समितीत कुणीतरी फिसकन हसतं. नाहीतर ‘व्वा, बहुआयामी!’ म्हणून सगळ्याची बेरीज करून मोकळं होतं. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी उभी हयात गेली आणि उमेदवारांच्या अशा याद्या तपासून देण्याचं काम हटकून माझ्याच गळ्यात पडायचं, म्हणून सांगते: हसणारा आणि बेरीज करणारा, दोघांनीही त्यातलं एक पानसुद्धा उघडलेलं नसतं.

बहुतेकदा त्या यादीत दोन माणसं असतात. गूगल स्कॉलरसारखी यंत्रणा नाव जुळलं की लेख चिकटवते, आणि खातेदार दुसऱ्याचे लेख काढायचा कंटाळा करतो (आकडा वाढतोय, मग कशाला काढा?). आपल्याकडे या घोळाची सुरुवात मार्कलिस्टपासून होते. तिच्यावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, शेवटी वडिलांचं. समजा, शेख सलीम इब्राहिम. हे नाव जसंच्या तसं परदेशी नियतकालिकाकडे गेलं, की तिथे शेवटचा शब्द आडनाव धरतात आणि सलीमचा निबंध बापाच्या नावावर जमा होतो. पुढच्या खेपेला त्याने क्रम बदलला तर तो जगभरच्या एस. शेखांच्या गर्दीत जाऊन पडतो. त्या गर्दीत कुणी हदीसचा अभ्यासक असतो, कुणी त्वचारोगतज्ज्ञ. बायकांचं दुखणं आणखी वेगळं. सुनीता माधव कुलकर्णी लग्नानंतर सुनीता अजय पाटील झाली, की तिचे आधीचे निबंध माहेरीच राहतात.

यावर २०१२ पासून ऑर्किड (ORCID) या संशोधकाच्या ओळख-क्रमांकाची सोय आहे. सोळा अंकी, फुकट. नाव बदललं तरी क्रमांक तोच. पण अर्जात तो रकाना रिकामा ठेवणारे प्राध्यापक मी ढिगाने पाहिलेत.

पण नावांचा असा घोळ होतो म्हणून दोन विषय दिसले की दोन माणसंच, असंही धरून चालू नये. मॅक्स मायरहोफ हे जर्मन नेत्रवैद्य कैरोत डोळे तपासायचे आणि अरबी हस्तलिखितंही वाचायचे. हुनैन इब्न इसहाक या नवव्या शतकातल्या वैद्याचा डोळ्यांवरचा ग्रंथ त्यांनी १९२८ मध्ये इंग्रजी भाषांतरासह छापला. डोळ्यांचे रोग रोज हाताळणाऱ्या माणसाला त्या पोथीत काय दिसलं असेल, ते निव्वळ भाषापंडिताला दिसणं कठीण. आजच्या समितीने मायरहोफना विचारलं असतं, ‘तुमचा विभाग नक्की कोणता?’

त्वचेचा कर्करोग आणि माणसांच्या चालीरीती तर एकमेकांना चांगल्याच ओळखतात. टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सहकाऱ्यासह ‘धोतर कॅन्सर’ नोंदवला. कमरेला कसून नेसलेल्या धोतराच्या काचाने वर्षानुवर्षं घासली जाणारी कातडी आणि नेमक्या तिथेच झालेली जखम. काश्मिरात फेरनच्या झग्याखाली निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर होणारा कर्करोग त्याच्याही आधीपासून वैद्यकाला माहीत होता. परकराच्या नाडीखाली असाच रोग झालेल्या दोन स्त्रियांची नोंद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तुम्ही काय नेसता, नाडी कुठे बांधता, थंडीत कसे बसता, हे विचारल्याशिवाय इथे निदानच पुढे सरकत नाही. आणि अरबी येणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाने हजारेक वर्षांपूर्वीचा स्पेनमधल्या कुर्तुब्याजवळचा (कोर्दोबा) शल्यवैद्य अल-झहरावी उघडला, तर तो तिथे सांगताना सापडतो: गाठ लहान, नवी आणि पुरती काढता येण्याजोगी असेल तरच कापा, जुनी, मोठी असेल तर हात लावू नका. अशी गाठ मी स्वतः एकही बरी केलेली नाही, हेही तो लपवत नाही. आता हे वाचणाऱ्याचा निबंध कोणत्या रकान्यात घालणार?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये निबंधांना गुण लावले आणि तेव्हापासून महाविद्यालयांत बेरजेचा हंगाम सुरू झाला. एच-इंडेक्स हा निबंध आणि त्यांचे इतरांनी केलेले उल्लेख मोजणारा असाच दुसरा आकडा, तो २००५ मध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. त्याचा काही उपयोग असेलही, पण हा आकडा दोन सलीमांना वेगळं करत नाही. उमेदवाराकडून शंभर निबंधांची यादी मागण्यापेक्षा त्याच्या पसंतीचे पाच मागा, आणि समितीतल्या निदान एकाने ते घरी नेऊन वाचावेत. वाचणाऱ्याला मानधन द्या, हवं तर. मुलाखतीत त्यातला एक कर्करोगावरचा आणि एक इस्लामवरचा निबंध समोर ठेवून म्हणा, ‘यातला दुसरा तक्ता समजावून सांगा.’ ज्याने तो स्वतः केलाय, त्याला थांबवावं लागेल. ज्याने नाही केला, तो आधी पाणी मागेल.