लुंबिनीचे फोटो घरी सुखरूप कसे आणाल?



थंडीचे दिवस आले की आपल्या वस्त्यांतून सहलीच्या गाड्या निघतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती करत मंडळी गोरखपूरला येतात, तिथून सुनौलीची सीमा ओलांडतात आणि नेपाळात लुंबिनीला पोहोचतात. कित्येकांच्या आयुष्यातला हा पहिला आणि बहुधा एकमेव परदेश प्रवास असतो. त्यासाठी वर्ष-दोन वर्षे भिशी भरलेली असते, रजा साठवलेली असते. काही कुटुंबे आता श्रीलंका आणि थायलंडपर्यंतही जाऊ लागली आहेत. निघताना चादरी, चिवडा, औषधे यांची यादी होते. पण तिकडे काढलेले फोटो कुठे ठेवायचे आणि प्रवासाची हकिकत कशी लिहायची, याची यादी कोणी करत नाही. "फोन आहे की!" एवढ्यावर तो विषय संपतो. आजच्या सदरात आम्ही याच विषयाचा विचार करणार आहोत.

आमच्या माहितीतल्या एका ताई धुणीभांडी करून घर चालवतात. त्या आपल्या वृद्ध आईला घेऊन लुंबिनीला गेल्या. अशोकस्तंभासमोर आईला उभे करून त्यांनी मनासारखे फोटो काढले. परतीच्या वाटेवर एका स्टेशनच्या गर्दीत फोन कोणीतरी लांबवला. पुढल्याच वर्षी आई गेली. आज त्यांच्याकडे त्या प्रवासातला आईचा एकच फोटो आहे, तोही दुसऱ्या कोणी काढलेल्या घोळक्यातला; त्यात आईचा चेहरा अर्धा झाकलेला आहे. फोन आठ हजारांचा होता. दुसरा फोन हप्त्याने आला, पण ते फोटो कुठून आणणार?

आपल्या घरांत जुने फोटो मुळातच कमी आहेत. १९५६ साली नागपूरला दीक्षेसाठी गेलेल्या कित्येक आजी-आजोबांचा त्या दिवसाचा एकही फोटो घरात नाही, कारण कॅमेरा आपल्या हातात नव्हता. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चलच्चित्र आज आपल्याला पाहायला मिळते, ते नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून ते टिपले म्हणून. आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. अशा वेळी फोटो काढूनही गमावणे आपल्याला परवडणारे नाही.

आम्ही कचेरीत काम करणारे. कचेरीचा एक साधा नियम आहे: पत्र बाहेर गेले तरी त्याची स्थळप्रत फाइलला राहिली पाहिजे. एकच प्रत असलेला कागद हा हरवायच्या वाटेवरचा कागद समजावा. फोटोलाही हाच नियम लागू आहे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारांनी हा नियम '३-२-१' अशा आकड्यांत लोकप्रिय केला. फोटोच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. आपल्या भाषेत सांगायचे तर एक प्रत फोनमध्ये, दुसरी पेनड्राइव्हवर आणि तिसरी इंटरनेटवरच्या खात्यात. पिशवी चोरीला गेली तरी तिसरी प्रत शिल्लक राहते आणि खाते उघडले नाही तरी दुसरी हाताशी असते.

काहीही विकत घेण्याआधी हिशेब मांडावा. साध्या फोनच्या १२ मेगापिक्सेल फोटोला साधारण ४ एमबी जागा लागते. दहा दिवसांचा प्रवास आणि रोज १०० फोटो धरले, तर १,००० फोटोंना ४,००० एमबी, म्हणजे ४ जीबी लागतील. व्हिडिओ मात्र जागा खातो. नेहमीच्या फुल एचडी व्हिडिओच्या एका मिनिटाला १०० ते १३० एमबी लागतात. रोज दहा मिनिटांचा व्हिडिओ काढला, तर दहा दिवसांत तो १२ जीबीच्या घरात जातो. एकूण झाले १६ जीबी. गूगलच्या खात्यात फुकट जागा मिळते १५ जीबी आणि तीही ईमेल, ड्राइव्ह व फोटो या सर्वांची मिळून. १ जून २०२१ पूर्वी आकार कमी करून ठेवलेले फोटो या जागेत धरले जात नसत, आता तेही धरले जातात. २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा याच जागेत मोजला जाऊ लागला आहे. अ‍ॅपलच्या आयक्लाउडमध्ये तर फुकट जागा ५ जीबीच आहे.

या हिशेबातून निवड आपोआप ठरते. फोटो इंटरनेटच्या खात्यात आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे ठेवावेत. व्हिडिओ पेनड्राइव्हवर ठेवावेत आणि त्यांतले मोजके, महत्त्वाचे तेवढे खात्यात चढवावेत. यासाठी नवा कॅमेरा नको, लॅपटॉप तर नकोच. लॅपटॉप जड असतो आणि धर्मशाळेच्या खोलीत त्याला राखण बसावे लागते. फोनला थेट लागणारा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरेसा आहे. त्याला ओटीजी पेनड्राइव्ह म्हणतात. एका बाजूला फोनची पिन आणि दुसऱ्या बाजूला संगणकाची पिन असते. घेताना आपला फोन दुकानात न्यावा आणि तिथेच लावून पाहावा. आयफोनला २०२३ च्या १५ क्रमांकाच्या मॉडेलपासून अँड्रॉइडसारखीच टाइप-सी पिन आहे, त्याआधीच्या आयफोनची पिन वेगळी आहे. फुटपाथवर शे-दोनशे रुपयांत '१००० जीबी' म्हणून मिळणारे पेनड्राइव्ह मात्र घेऊ नयेत. त्यांतल्या पुष्कळांत खरी जागा फार थोडी असते. ती भरली की पुढचे फोटो दिसायला उतरतात, पण नंतर उघडत नाहीत. फोनच्या आतले मेमरी कार्ड ही दुसरी प्रत नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. फोन गेला की कार्डही गेले.

आता खात्याविषयी. गूगल फोटोजमधला बॅकअप घरी असतानाच सुरू करावा आणि एक-दोन फोटो खरोखर चढतात का, ते घरातल्या दुसऱ्या फोनवर खाते उघडून पाहावे. त्यात दोन पर्याय असतात: एक मूळ आकाराचा आणि दुसरा जागा वाचवणारा. दुसऱ्यात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान केले जातात. साध्या फोनचे फोटो त्याहून लहानच असतात, म्हणून आपल्याला हा पर्याय चालतो.

सर्वांत मोठी अडचण ओटीपीची. परदेशात आपले सिम बंद असले आणि खाते नव्या फोनवर उघडायची वेळ आली, की ओटीपी बंद सिमवर जातो आणि आपण आपल्याच दाराबाहेर उभे राहतो. यावर उपाय आहे. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू असलेल्या खात्यासाठी गूगल दहा राखीव आकडे देते. प्रत्येक आकडा एकदाच चालतो. ते कागदावर लिहून एक कागद घरी ठेवावा आणि एक पैशांच्या पाकिटाबरोबर न्यावा. तो फोनच्या कव्हरमध्ये मात्र ठेवू नये!

भारतातला नेहमीचा डेटा पॅक सीमेपलीकडे चालत नाही. परदेशाचा वेगळा पॅक घ्यावा किंवा नेपाळात पोहोचल्यावर तिथले सिम घ्यावे. त्यासाठी ओळखपत्र आणि एक-दोन पासपोर्ट आकाराचे फोटो जवळ असू द्यावेत. जुने सिम काढून कुठेही टाकू नये, कागदात गुंडाळून जपावे. विहाराच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर रात्री फोटो चढवता येतात. वायफायचा चढवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असला, तरी दिवसाचे १०० फोटो अर्ध्या तासात चढतात. तेवढाच व्हिडिओ चढवायला मात्र दीड तासाच्या आसपास लागेल. म्हणून फोटो आधी चढवावेत. सायबर कॅफेच्या संगणकाला पेनड्राइव्ह लावू नये आणि तिथे आपले खातेही उघडू नये.

रोजचा नेम असा ठेवावा. रात्री जेवण झाले की फोन चार्जिंगला लावावा. दिवसाचे फोटो पेनड्राइव्हवर 'कॉपी' करावेत, 'मूव्ह' करू नयेत. मूव्ह केले की फोनमधली प्रत जाते. दोन-चार फोटो पेनड्राइव्हवरून उघडून पाहावेत. मग पेनड्राइव्ह काढून सहप्रवासी नातेवाइकाच्या पिशवीत ठेवावा. फोन एका खिशात आणि पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या पिशवीत असला पाहिजे. त्यानंतर वायफाय मिळाले तर फोटो खात्यात चढवावेत. फोन भरला म्हणून फोटो पुसायची वेळ आली तर सांभाळावे. गूगल फोटोजमध्ये चढलेला फोटो तिथूनच पुसला, तर खात्यातलाही जातो. कचऱ्याच्या पेटीत तो ६० दिवस राहतो, तेवढ्या मुदतीत परत मिळवता येतो. फक्त फोनमधली जागा रिकामी करायची असेल, तर त्यासाठी दिलेला वेगळा पर्यायच वापरावा.

"आम्ही तर सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घरी पाठवतो," असे काहीजण सांगतील. पाठवा, जरूर पाठवा, घरच्यांचा जीव थाऱ्यावर राहतो. पण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. फोनच्या पडद्यावर तो छान दिसतो. पुढे तोच मोठा करून भिंतीवर लावायला गेलात, की चेहरा फिसकटतो. निवडक फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, म्हणजे ते मूळ आकारात जातात. घरच्या मुलाने किंवा मुलीने ते त्याच दिवशी उतरवून घ्यावेत. स्टेटसवर टाकलेला फोटो तर २४ तासांत नाहीसा होतो.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. फोटो जपला आणि त्यातली माणसे कोण, हे लिहिले नाही, तर वीस वर्षांनी नातवंडे विचारतील, "ही बाई कोण?" आणि सांगणारे कोणी नसेल. लुंबिनीला गेल्यावर त्या स्तंभाकडे नीट पाहा. सम्राट अशोक राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर स्वतः तिथे आला, भगवान बुद्धांचा जन्म तिथे झाला म्हणून त्याने शिळास्तंभ उभारला आणि लुंबिनी गावाच्या करात सूट दिली, असे त्यावर ब्राह्मी लिपीत कोरले आहे. कोण आले, केव्हा आले, कशासाठी आले, काय केले, हे सारे मोजक्या ओळींत आहे. तो लेख १८९६ साली उजेडात आला आणि बुद्धांचे जन्मस्थान नक्की झाले. आपली रोजची नोंदही अशीच असावी. तारीख, गाव, बरोबर कोण होते, काय पाहिले, काय वाटले, एवढे पाच-सहा ओळींत पुरे. मायादेवी मंदिराच्या आत तर फोटो काढायला मनाईच आहे. तिथले जे पाहाल, ते लिहूनच घरी आणावे लागेल.

लिहायला साधी वही चालते, तिला चार्जिंग लागत नाही. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे, त्यांनी फोनवर मराठीत बोलावे. हल्लीचे कीबोर्ड बोललेले मराठी उतरवून देतात, चुका तेवढ्या तपासाव्यात. घरात कोणी शिकलेली मुले असतील आणि प्रवासवर्णन चार लोकांनी वाचावे असे वाटत असेल, तर ब्लॉगर किंवा वर्डप्रेस यांवर फुकट ब्लॉग काढता येतो. तारीखवार मजकूर आणि फोटो एकत्र राहतात, फेसबुकसारखे खाली वाहून जात नाहीत. ब्लॉगरवर निवडक लोकांनाच वाचता येईल अशीही सोय आहे. मात्र तिथली प्रत ही एकमेव प्रत नसावी. ऑर्कुट आठवते ना? ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झाले. कंपनीचे दुकान कंपनी केव्हाही बंद करू शकते. दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्याचा नियम गूगलनेही २०२३ पासून लागू केला आहे. आणखी एक सूचना: प्रवास चालू असताना "आम्ही सगळे नेपाळात" असे जगजाहीर करू नये. घराला कुलूप आहे, ही बातमी चोरापर्यंतही जाते. ब्लॉग परत आल्यावर सावकाश लिहावा.

आणि परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत एक काम करावे. सर्व फोटो घरच्या किंवा विश्वासातल्या माणसाच्या संगणकावर उतरवावेत. पेनड्राइव्ह हा प्रवासापुरता सोबती आहे, त्याच्यावर वर्षानुवर्षे विसंबू नये. त्यातले चांगले वीस फोटो निवडून स्टुडिओत कागदावर छापून घ्यावेत आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहावी. बरोबरच्या ज्या म्हाताऱ्या माणसांकडे फोन नव्हता, त्यांचा एकेक फोटो छापून त्यांच्या घरी नेऊन द्यावा. या कामाला पैसे थोडे लागतात, एक रविवार मात्र खर्ची पडतो.

यंदा ज्यांच्या गाड्या निघणार आहेत, त्यांनी हा अंक बरोबरच्या मंडळींना वाचून दाखवावा आणि पेनड्राइव्ह कोणाच्या पिशवीत राहील, हे निघण्याआधीच ठरवून टाकावे. प्रवास सुखाचा होवो. जयभीम!