भाषण ऐकलं, मत कुठं आहे?



2 एप्रिल 2025. ईद होऊन दोनच दिवस झाले होते. गुलमंडीवरची गर्दी ओसरली होती आणि दुकानदार उरलेला माल आवरत होते. भाचीचा ड्रेस बदलून घ्यायला मी एका दुकानात गेले, तर काउंटरवर डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. लोकसभेत वक्फ दुरुस्ती विधेयकावर चर्चा चालू होती. मालक, दोन पोरं आणि खरेदीला आलेली एक खाला, सगळे त्या मोबाइलभोवती. मध्यरात्र उलटून गेल्यावर मतदान झालं. दुसऱ्या दिवशी ड्रेस घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या पोरानं आकडे तोंडपाठ सांगितले, "आपा, 288 विरुद्ध 232."

मला बरं वाटलं. आपली पोरं संसद बघतात, आकडे लक्षात ठेवतात.

मग जुलै आला. 10 जुलै 2025 ला विधानसभेनं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्याच आठवड्यात मी पुन्हा त्या दुकानात होते. सहज विचारलं, "जनसुरक्षाचं काय झालं रे?"

"पास झालं ना, आपा."

"किती मतांनी?"

तो मोबाइलवर शोधत राहिला. गिऱ्हाईक आलं, गेलं. शेवटी म्हणाला, "आकडा सापडत नाही."

सापडणार कसा? आकडा नव्हताच. विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं होतं. या अंकात मला एवढ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. पोलीस, अटक, जामीन, तपास या विषयांवर आपण निवडून दिलेल्या माणसानं कुठल्या बाजूला हात वर केला, हे आपण विचारत नाही. आणि बऱ्याचदा ते कळण्याची सोयही नसते.

आधी पद्धत समजून घेऊ. विधेयक मताला टाकताना अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. दोन्हीकडून आवाज येतो. अध्यक्ष बहुमत जाहीर करतात आणि विधेयक मंजूर होतं. याला आवाजी मतदान म्हणतात. यात कुणाचंही नाव नोंदलं जात नाही. एखाद्या सदस्यानं हा निर्णय मान्य नाही असं म्हणत मतविभागणी मागितली, आपल्या विधानसभेच्या भाषेत 'पोल' मागितला, तरच मोजणी होते आणि कोण कुठं उभं होतं ते कागदावर येतं. लोकसभेच्या नियम 367 मध्ये आणखी एक वाट आहे. मागणी अनावश्यक आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसती डोकी मोजू शकतात. तेव्हाही नावं नोंदली जात नाहीत.

आपल्याकडे वडीलधारी माणसं मताला गवाही म्हणतात. मतदानाच्या दिवशी आपण उमेदवाराच्या बाजूनं गवाही देतो. सभागृहात तो आपल्या वतीनं गवाही देतो. मग गवाहाचं नाव नको का?

आता आपल्याच मतदारसंघाचा हिशेब काढून बघू. 2019 मध्ये औरंगाबाद लोकसभा मतदारसंघातून इम्तियाज जलील 4,492 मतांनी निवडून आले. पहिल्याच अधिवेशनात तपास यंत्रणांशी संबंधित दोन मोठी विधेयकं आली. 15 जुलै 2019 ला राष्ट्रीय तपास यंत्रणेचे, म्हणजे एनआयएचे, अधिकार वाढवणारं विधेयक मताला आलं. असदुद्दीन ओवैसी यांनी मतविभागणी मागितली. गृहमंत्री अमित शहा यांनीही ती होऊ द्यावी असं म्हटलं. कोण कुणाच्या बाजूनं आहे ते देशाला कळू दे, असा त्यांचा सूर होता. बाजूनं 278, विरोधात 6. नऊ दिवसांनी, 24 जुलैला, यूएपीए कायद्यातली दुरुस्ती आली. आधी फक्त संघटनेला दहशतवादी ठरवता येत होतं, या दुरुस्तीनं सरकारला एकट्या माणसालाही तसं जाहीर करता येऊ लागलं, तेही खटला चालून शिक्षा होण्याआधी. बाजूनं 287, विरोधात 8. या 6 जणांत आणि 8 जणांतही जलील यांचं नाव आहे. काँग्रेसच्या खासदारांनी यूएपीएच्या वेळी सभात्याग केला. एनआयएच्या वेळी विरोधातला आकडा 6 वरच थांबला, यावरून बाकीचे विरोधी पक्ष कुठं होते ते समजून घ्या.

हे मी कुणाचा प्रचार म्हणून लिहीत नाही. 20 सप्टेंबर 2023 ला महिला आरक्षण विधेयक 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झालं. विरोधातली ती दोन मतं ओवैसी आणि जलील यांची होती. मुस्लिम आणि ओबीसी महिलांसाठी वेगळा वाटा नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. आमच्या वाचक मुलींपैकी काहींना हे कारण पटलं, काहींना अजिबात पटलं नाही. पण वाद घालता आला, कारण नावं समोर होती. नोंदलेल्या मताचा फायदा हाच आहे. शाबासकी द्यायची असो की जाब विचारायचा असो, हातात कागद असतो.

2024 मध्ये याच मतदारसंघातून शिवसेनेचे संदिपान भुमरे 1,34,650 मतांनी जिंकले. त्यांच्या पक्षानं वक्फ विधेयकाला पाठिंबा दिला. ज्या मापानं जलील यांना मोजायचं, त्याच मापानं भुमरे यांनाही. माणूस आपला की परका, हे बघून तराजू बदलला तर तो इन्साफ नाही.

गैरहजेरीही वाचायला शिका. तिहेरी तलाक दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असा फौजदारी कायदा 30 जुलै 2019 ला राज्यसभेत 99 विरुद्ध 84 मतांनी मंजूर झाला. फरक फक्त 15 मतांचा. त्या दिवशी महाराष्ट्रातले शरद पवार आणि प्रफुल्ल पटेल मतदानाला हजर नव्हते. दुसऱ्या काही पक्षांनी सभात्याग केला. जो सभागृहात नसतो, तो बहुमताचा आकडा खाली आणतो. बाहेर येऊन केलेल्या निषेधानं तो आकडा परत वर जात नाही.

कुणी म्हणेल, आपा, एवढ्या आकडेमोडीनं होणार काय? कायदे तर बहुमतानं होतच राहणार.

उत्तर मी दिल्लीतून नाही, आपल्याच विधिमंडळातून देते. 1999 मध्ये, युती सरकारच्या काळात, महाराष्ट्रानं मकोका कायदा केला. तो संघटित गुन्हेगारीसाठी होता. त्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा धरण्याची सोय होती आणि जामीन फार अवघड करून ठेवला होता. सात वर्षांनी, 11 जुलै 2006 ला, मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. 180 हून अधिक माणसं गेली. 2015 मध्ये विशेष न्यायालयानं मकोकाखाली 12 जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. त्यांपैकी कमाल अन्सारी 2021 मध्येच तुरुंगात वारले होते. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

19 वर्षं. यात दोन बाजूंचं नुकसान आहे आणि दुसरी बाजू आपण विसरता कामा नये. ज्यांची माणसं त्या लोकलमध्ये गेली, त्यांनाही 19 वर्षांनंतर गुन्हेगार कोण ते कळलेलं नाही. ढिल्या पुराव्यावर माणूस आत ठेवता येतो, तेव्हा खऱ्या गुन्हेगाराचा शोधही ढिला पडतो.

आता विचार करा. 1999 मध्ये या कलमांसाठी 'होय' म्हणणाऱ्या आमदारांना नंतरच्या कुठल्या निवडणुकीत कुणी हे विचारलं? आणि हे एकाच पक्षाचं पाप नाही. यूएपीएतला 43ड हा जामीन जवळपास अशक्य करणारा भाग डिसेंबर 2008 मध्ये, मुंबई हल्ल्यानंतर काही आठवड्यांत, काँग्रेसप्रणीत सरकारनं आणला. तेव्हा आपल्यातले किती जण त्याच पक्षाच्या सभेत टाळ्या वाजवत होते?

आवाजी मतदानाची उदाहरणंही पुरेशी आहेत. 20 डिसेंबर 2023 ला लोकसभेनं तीन नवे फौजदारी कायदे आवाजी मतदानानं मंजूर केले. त्या वेळी विरोधी पक्षांचे 90 हून अधिक खासदार निलंबित होते. 1 जुलै 2024 पासून हे कायदे लागू आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 प्रमाणे पोलीस कोठडीचे 15 दिवस आता पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. ज्या घरातलं पोरगं एखाद्या दंगलीच्या यादीत नाव आलं म्हणून उचललं जातं, त्या घराला या एका ओळीचा अर्थ वकिलाआधी कळतो. मे 2018 मध्ये शहागंज, राजाबाजार भागात दुकानं जळाली, दोन जीव गेले. तो उन्हाळा या शहरात कुणी विसरलेलं नाही.

आणि जनसुरक्षा विधेयक? चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे लोकांनी 12 हजारांहून अधिक सूचना-हरकती पाठवल्या होत्या. एवढ्या लोकांनी लिहिलं. विधानसभेत मात्र विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी, एकट्यानं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. त्यानंतर राज्यभर या विधेयकाविरुद्ध आंदोलनं झाली आणि त्यांच्या व्यासपीठांवर मोठे नेतेही दिसले. मला त्यांना एकच विचारायचं आहे: 10 जुलैला सभागृहात पोल का मागितला नाही? हरणार होतो, हे उत्तर चालणार नाही. 287 विरुद्ध 8 मध्येही आठ जण हरणारच होते.

पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्याचे विषय आहेत. म्हणजे ठाण्यात आपल्याशी कसं वागलं जातं, याच्याशी खासदारापेक्षा आमदाराचा संबंध जास्त. तरी आपण रात्र जागवतो ती लोकसभेसाठी, आणि विधानसभेचं अधिवेशन कधी सुरू होऊन कधी संपतं याचा पत्ता नसतो.

यात दोष आमचाही आहे. या मासिकानं गेल्या काही वर्षांत भाषणांच्या कितीतरी क्लिप शेअर केल्या. मतविभागणीची यादी एकदाही छापली नाही. क्लिपला हजारो लोक बघतात, यादीला कोण बघणार, असं मला वाटायचं. त्या दुकानातल्या पोरानं 288 आणि 232 तोंडपाठ सांगितले तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात यायला हवी होती. तुम्हाला यादी हवी आहे. आम्हीच दिली नाही.

म्हणून पुढच्या अंकापासून प्रत्येक अधिवेशनानंतर एक पान असेल. न्याय आणि पोलीस यांच्याशी संबंधित विधेयक कुठलं, मत नावानिशी झालं की आवाजी, मराठवाड्यातल्या कुठल्या खासदार-आमदाराचं नाव कुठं आहे, कोण गैरहजर. पक्षाचा व्हिप असला तर तेही लिहू, कारण व्हिप मोडला तर पक्षांतरबंदी कायद्यानं सदस्यत्व जाऊ शकतं. अशा वेळी प्रश्न त्या माणसाइतकाच त्याच्या पक्षालाही विचारायचा असतो. लोकसभेच्या चर्चेचे पूर्ण वृत्तांत आणि मतविभागणीच्या याद्या तिच्या संकेतस्थळावर खुल्या आहेत. त्या शोधून वाचायला वेळ देतील असे चार-पाच जण हवेत. कॉलेजच्या मुलामुलींनी कळवावं.

तुमच्यासाठी काम छोटं आहे. पुढच्या निवडणुकीत उमेदवार गल्लीत येईल, गळाभेट होईल, चहा होईल. त्याला रस्ता, पाणी जरूर विचारा. त्यासोबत दोन प्रश्न विचारा. मागच्या वेळी अटक आणि जामिनाच्या कायद्यावर तुम्ही कुठं मत दिलं? आणि पुन्हा असा कायदा आला तर, हरणार असलात तरी, मतविभागणी मागाल का? उत्तर फोनवर रेकॉर्ड करा, त्याला सांगून. पाच वर्षांनी ते कामी येईल.

परवा गुलमंडीवरून जाताना त्या पोरानं आवाज दिला, "आपा, पुढचं अधिवेशन कधी आहे?"

तारीख बघून सांगते म्हणाले. तुम्हीही बघून ठेवा.