कॅल्सिफिकेशन आणि बिचारं दूध

रिपोर्टात 'कॅल्सिफिकेशन' हा शब्द दिसला की आपल्याकडे पहिला बळी जातो तो दुधाचा. मग नाचणी, मग तीळ. "अंगात कॅल्शियम जास्त झालंय" असं शेजारीपाजारी सांगतात आणि विषय संपतो. माझं स्पष्ट मत आहे की हा शब्द कुणाच्या हातात नुसता देऊच नये. लॉग फाईलमध्ये फक्त 'एरर' लिहून आलं तर आम्ही प्रोग्रामर आरडाओरडा करतो, मग इथे का नाही?

मुळात प्रकार दोन. पहिल्यात रक्तातलं कॅल्शियम अगदी नॉर्मल असतं, खराब झालेली असते ती जागा. क्षयाची जुनी गाठ, मेंदूत मरून पडलेली फीतकृमीची अळी, रक्तवाहिनीतला चरबीचा थर, उतारवयातली हृदयाची झडप. पेशी मेल्या की तिथे कॅल्शियम-फॉस्फेट जमतं. दूध सोडून इथे काहीएक फरक पडत नाही. उलट आहारातून कॅल्शियम आलं नाही तर रक्तातली पातळी राखायला शरीर ते हाडांतून काढतं!

माझ्या मावशीच्या खांद्यात चुन्यासारखा साठा निघाला. तिथल्या कंडरेतला हा साठा बऱ्याचदा आपोआप विरघळतो, आणि गंमत म्हणजे विरघळतानाच सगळ्यात जास्त ठणकतो. मावशीने मात्र दूध बंद केलं. वय ६४, हाडं आधीच ठिसूळ. डॉक्टरांनी समजावेपर्यंत चार महिने गेले.

दुसऱ्या प्रकारात पेशी धडधाकट, पण रक्तातलं कॅल्शियम किंवा फॉस्फेट वाढलेलं. मूत्रपिंड निकामी होत असेल, पॅराथायरॉईड ग्रंथी जास्त काम करत असेल, किंवा ड जीवनसत्त्व अती झालं असेल. मग साठा होतो तो मूत्रपिंडात, फुप्फुसात, जठराच्या अस्तरात. हेच अवयव का? कारण ते आम्ल बाहेर टाकतात, त्यामुळे त्यांची आतली बाजू अल्कधर्मी राहते आणि तिथे क्षार पटकन बसतात.

खरं आश्चर्य, आपण सगळेच दगड कसे होत नाही याचं आहे. १९९७ साली 'मॅट्रिक्स जीएलए प्रोटीन' हे एकच प्रथिन नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या धमन्या कडक होऊन फुटल्या आणि दोन महिन्यांत ते मेले. म्हणजे शरीर हा साठा सतत थोपवून धरत असतं. बॅकग्राउंडला चालणारी प्रोसेस, बंद पडल्याशिवाय कुणाला कळत नाही. असो.

आता ज्याला खरंच घाबरायचं ते. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं. डॉक्टर लिहून देतात आठवड्याला एक, तेही ठरावीक आठवडेच. लोक जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर घेतात, काही महाभाग रोज! आतडी मग कॅल्शियम ओढत सुटतात. तहान, मळमळ, बद्धकोष्ठ सुरू होतं, तरी संशय पाकिटावर जात नाही. दूध मात्र बंद असतं. अशी पाकिटं घरात असतील तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा, आणि रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फेट, क्रिएटिनिन तपासायचं का ते विचारा.