विद्यापीठाचे पांग

दीक्षान्त समारंभांचा हंगाम आला की वृत्तपत्रांतून दोन तऱ्हेची छायाचित्रे झळकू लागतात. एक सुवर्णपदक स्वीकारणाऱ्या मुलामुलींचे, दुसरे शाल-श्रीफळ स्वीकारणाऱ्या वयोवृद्ध माजी विद्यार्थ्यांचे. आपल्या क्षेत्रातील उज्ज्वल कामगिरी आणि समाजसेवा हे दोन शब्दप्रयोग मानपत्रात ठरलेलेच असतात. विद्यापीठांना आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची अलीकडे जी वारंवार आठवण होऊ लागली आहे, तिच्यामागे 'नॅक' ह्या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या प्रश्नावलीचाही थोडा हात आहे. माजी विद्यार्थ्यांचा सहभाग किती, असा रकानाच तीत असतो. निमित्त कोणतेही असो, कृतज्ञता वाईट नव्हे. परंतु चिटगुप्प्यासारख्या गावातील मराठी घरात बसून ह्या याद्या वाचू लागले की पहिला प्रश्न पडतो तो हा, की आमचे विद्यापीठ कोणते?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण आहे खरा. हैदराबाद संस्थानाच्या काळी आमच्या बाजूच्या मुलाने शिकायचे म्हणजे गुलबर्ग्याचे इंटरमीजिएट कॉलेज आणि पुढे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जुन्या बिदर जिल्ह्याच्या तीन वाटण्या झाल्या. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद व नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. सोयरे तीन राज्यांचे रहिवासी झाले आणि चिटगुप्प्याचा विद्यार्थी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे वळला. १९७० साली धारवाडचे पदव्युत्तर केंद्र गुलबर्ग्यास आले, १९८० साली तेथेच स्वतंत्र विद्यापीठ झाले. ज्या बिदरात महमूद गावानने १४७२ साली तो भव्य मदरसा उभारला, त्या बिदरास २००४ च्या कायद्याने पशुवैद्यकाचे विद्यापीठ मिळाले; सर्व विद्याशाखांचे विद्यापीठ मात्र २०२३ साली सुरू झाले. म्हणजे एकाच घरात पणजोबा उस्मानियाचे, आजोबा धारवाडचे, वडील गुलबर्ग्याचे आणि नात बिदरची, असे सहज घडू शकते. घराचा उंबरठा मात्र कोणी बदललेला नाही.

ह्यातील उस्मानियाची कथा सर्वांत निराळी. सातवा निजाम मीर उस्मान अली खान ह्याच्या १९१७ च्या फर्मानाने त्या विद्यापीठाचा पाया घातला गेला आणि १९१८ साली ते स्थापन झाले. सर्व विषय एका देशी भाषेतून, उर्दूतून, शिकविण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी खास भाषांतरसंस्था उभारून गणित, रसायन, इतिहास, कायदा ह्या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणविले गेले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देता येते हे त्या काळात सिद्ध करून दाखविल्याचे श्रेय उस्मानियास दिलेच पाहिजे. पण ती देशी भाषा संस्थानातील बहुसंख्य प्रजेची नव्हती, हेही तितकेच खरे. घरी मराठी वा कानडी, परवच्यात मराठी, आणि पदार्थविज्ञान मात्र उर्दूतून, असे आमच्या वडीलधाऱ्यांचे विद्यार्जन चाले.

त्या विद्यापीठाने माणसे घडविली ह्याविषयी शंका नाही. पैठणचे शंकरराव चव्हाण तेथून कायद्याचे पदवीधर झाले आणि पुढे महाराष्ट्राचे दोनदा मुख्यमंत्री झाले. चिटगुप्प्याच्या शेजारच्या चिंचोलीचे वीरेंद्र पाटील आणि गुलबर्गा जिल्ह्यातील नेलोगीचे धरम सिंग हेही उस्मानियाचेच. दोघेही कर्नाटकाचे मुख्यमंत्री झाले. आंध्रात डॉ. मर्री चेन्ना रेड्डी. संस्थान ज्या तीन राज्यांत वाटले गेले, त्या तिन्ही राज्यांना एकाच विद्यापीठाने मुख्यमंत्री पुरविले. गौरवाच्या यादीस आणखी काय हवे?

परंतु आम्हांस त्या यादीपेक्षा दुसरी एक यादी अधिक मोलाची वाटते, आणि ती नाव कमी केलेल्या विद्यार्थ्यांची आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजात आणि त्यापाठोपाठ उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुलांनी संप केला, आणि तो गुलबर्ग्याच्या कॉलेजापर्यंत पोचला. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. खेड्यातल्या शेतकऱ्याचा वा पटवाऱ्याचा मुलगा, ज्याच्या शिक्षणासाठी घरच्यांनी पोटाला चिमटा घेतलेला, त्याने परीक्षेच्या वर्षी गाण्यासाठी कॉलेज सोडायचे म्हणजे काय, ह्याची कल्पना आज करता येणे अवघड आहे. माफी लिहून दिली असती तर अनेकांचे वर्ष वाचले असते. संस्थानाच्या नाराजीचा धाक असा, की बाहेरची विद्यापीठेही ह्या मुलांना घेण्यास कचरत होती. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार ह्यांनी दार उघडले आणि ही मुले नागपुरास जाऊन शिकली. पी. व्ही. नरसिंह राव हे त्या निष्कासितांपैकी एक. त्यांनी कायद्याची पदवी नागपूरची घेतली. मराठी त्यांना इतकी अवगत होती की हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. ते १९९१ साली पंतप्रधान झाले आणि २०२४ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. उस्मानियाच्या नामवंतांची यादी आज कोणीही केली तरी तीत त्यांचे नाव येतेच! मात्र शाल कोणी घालावी, काढून टाकणाऱ्याने की ठेवून घेणाऱ्याने, हे ठरविण्याचे काम आमच्याकडे असते तर आम्ही ती नागपूरच्या हाती दिली असती.

ह्याहून विलक्षण उदाहरण स्वामी रामानंद तीर्थांचे. व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. सोलापुरास शिकत असता असहकाराची हाक आली आणि त्यांनी सरकारी शाळा सोडली. अमळनेर आणि पुढे पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ हे त्यांचे गुरुकुल. १९२१ साली निघालेले ते राष्ट्रीय विद्यापीठ. त्याच्या पदवीस सरकारदरबारी किंमत नव्हती, आणि ती नसणे हेच त्याचे ब्रीद होते. अशी बिनमोलाची एम. ए. पदवी घेऊन हा तरुण प्रथम ना. म. जोशी ह्यांच्या कामगार चळवळीत गेला आणि नंतर निजामाच्या राज्यात, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मुख्याध्यापक होऊन आला. पुढे अंबाजोगाईस तेच काम. संन्यास घेतला तो ह्याच काळात. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व, कारावास, १७ सप्टेंबर १९४८ ला संपलेला लढा, हे सर्व वाचकांना ठाऊक आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत त्यांना लोकसभेत पाठविले ते गुलबर्ग्याने, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळजण विसरतात. १९७२ साली ते वारले. १९९४ साली नांदेडला नवे विद्यापीठ झाले तेव्हा त्यास त्यांचे नाव देण्यात आले. ज्याच्या पदवीवर सरकारी नोकरी मिळाली नसती, त्याच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी घेऊन आज हजारो मुले नोकरीस अर्ज करतात!

निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी ह्यांचेही स्मरण येथे करावयास हवे. अलाहाबाद विद्यापीठाचे एम. ए., हैदराबादच्या मुलकी सेवेत अधिकारी, पुढे इतिहाससंशोधक, १९९२ चे पद्मभूषण. पण आदिलाबादेत असता त्यांनी गोंडांची भाषा आत्मसात केली आणि तिच्याविषयी लिहिले, ही गोष्ट आम्हांस पदकाहून मोठी वाटते. साहेबाने रयतेची बोली शिकणे हे त्या काळी कोणत्याही नियमपुस्तकात नव्हते.

कामगिरी आणि सेवा ह्यांची मापे वेगळी असतात, हे अशा चरित्रांवरून ध्यानी येते. कामगिरी पदाच्या नावावरून कळते, ती कोणत्याही कचेरीत बसून मोजता येते. सेवेची साक्ष मात्र गावाकडे असते. हैदराबादची सनद घेऊन परत आलेला, हुमनाबाद वा चिटगुप्प्याच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षे गणित शिकविणारा, उन्हाळ्यात कोर्टकज्जाचे उर्दू कागद अडाणी माणसांना फुकट वाचून दाखविणारा पदवीधर कोणत्याही विद्यापीठाच्या गौरवयादीत नसतो. तसा तो असावा कसा? त्याचे विद्यापीठ दुसऱ्या राज्यात गेले, त्याचा जिल्हा तिघांत वाटला गेला, त्याच्या पदवीची भाषा त्याच्या नातवंडांना वाचता येत नाही. उस्मानियास तो सापडणार नाही, गुलबर्ग्याचा तो नव्हे, आणि मराठवाड्यातील विद्यापीठांच्या दृष्टीने तो परराज्यातला. त्याचा सत्कार करण्यास आता कोणते विद्यापीठ पुढे येईल असे वाटत नाही. ते काम आपल्या घरांनाच करावे लागेल.

म्हणून ह्या महिन्यात वाचकांकडे एक मागणे आहे. चिटगुप्पा, हुमनाबाद, भालकी, आळंद, चिंचोली, कोठेही आपले घर असो. पेटीच्या तळाशी, फडताळात, देव्हाऱ्याच्या खणात एखादी जुनी सनद असल्यास ती बाहेर काढावी. तिच्यावरील उर्दू मजकूर जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा आणि मागे एका कागदावर मराठीत लिहून ठेवावा : नाव, विषय, साल, कोणत्या वसतिगृहात राहिले, शिक्षणाचा पैसा कोणी दिला, परत येऊन काय केले. १९३८ मध्ये कोणाचे नाव कमी झाले असेल तर तेही अवश्य लिहावे. उर्दू वाचणारी वडीलधारी माणसे आपल्या गावांत अजून आहेत. त्यांच्याकडे हा कागद दिवाळीच्या आत नेलेला बरा.