१९८२ : एका वर्षाची वजाबाकी

१६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे आम्हां मुरुडकरांच्या लेखी हे वर्ष जन्माचे आहे. जिल्ह्याचा वाढदिवस आला की विकासाचे आकडे निघतात, बेरजा मांडल्या जातात. त्याच वर्षाने मराठी समाजातून आणि या उपखंडातून काय वजा केले, हा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी तो एकदा मांडून पाहावा, असे आम्हांस वाटते.

१० फेब्रुवारीस नरहर कुरुंदकर गेले. २२ फेब्रुवारीस इस्लामाबादेत जोश मलीहाबादी आणि ३ मार्चला दिल्लीत फिराक गोरखपुरी गेले. २ ऑक्टोबरला चिंतामणराव देशमुख आणि १५ नोव्हेंबरला पवनार येथे विनोबा भावे यांनी जगाचा निरोप घेतला. एक समीक्षक, दोन उर्दू कवी, एक अर्थतज्ज्ञ, एक संत म्हणून ओळखला गेलेला कार्यकर्ता. डिसेंबरअखेरीस ‘सरत्या वर्षाने हिरावलेले’ अशा मथळ्याखाली छायाचित्रांची जी रांग छापली जाते, तीत ही पाचही माणसे शेजारी शेजारी बसू शकतील. पण त्या रांगेत सर्वांची उंची सारखी होते आणि सर्वांचे वेगळेपण पुसले जाते. आमचा आक्षेप आहे तो याला. मृत्यूच्या वर्षाने माणसे एकत्र येतात हा निव्वळ योगायोग. त्या योगायोगातून एखादा प्रश्न हाती लागला, तरच त्या स्मरणाला अर्थ येतो.

आमच्या हाती लागलेला प्रश्न परीक्षेचा आहे.

विनोबा आणि चिंतामणराव हे दोघे एकाच जिल्ह्याचे, तेव्हाच्या कुलाब्याचे. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातील गागोद्याला, ११ सप्टेंबर १८९५चा. चिंतामणरावांचा महाडजवळच्या नाते गावी, १४ जानेवारी १८९६चा. जन्मात चार महिन्यांचे अंतर, मृत्यूत दीड महिन्याचे. चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली, केंब्रिजला शिकून ते आय.सी.एस. परीक्षेतही पहिले आले. विनोबांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली आणि १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले असताना ते वाटेत सुरतेला उतरून काशीला निघून गेले. कुरुंदकर या दोघांहून छत्तीस-सदतीस वर्षांनी लहान. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूरला १५ जुलै १९३२ रोजी जन्मलेले. ते इंटरला वारंवार नापास झाले. नांदेडला शाळामास्तरकी करीत, पुढे एम.ए. होऊन, ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक आणि अखेरीस प्राचार्य झाले.

एकाने परीक्षा जिंकली, एकाने जाळली, एकाला ती वश झाली नाही. आमच्या प्रदेशात या तीन गोष्टी शेजारी ठेवणे हे थोडे धाडसाचे आहे, कारण ‘लातूर पॅटर्न’ या नावाने आमची ओळख महाराष्ट्रभर झाली ती परीक्षेतील यशामुळेच. त्या यशाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून डॉक्टर, अभियंता बाहेर पडला तो या शिस्तीच्या बळावर, हे आम्ही जाणतो. तसेच नापास होणे हा कुरुंदकरांचा गुण नव्हता आणि प्रमाणपत्रे जाळणे हा विनोबांचा कोणाला दिलेला उपदेशही नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की परीक्षेशी तीन निरनिराळी नाती असलेल्या या तिघांमध्ये जे समान आहे, ते अभ्यासक्रमाच्या बाहेरचे आहे.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेल्या चिंतामणरावांनी कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणले, गांधीजींच्या वचनांना संस्कृत श्लोकांचे रूप दिले. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आज जी व्यवस्था प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना गुणांकनाच्या चौकटीत बसवते, तिच्या आरंभकाळातील एका प्रमुखाला फायली आणि काव्य यांत विरोध दिसत नव्हता, ही गोष्ट आम्हांस विसरण्याजोगी वाटत नाही. विनोबांनी कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबीचा अभ्यास केला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली ती साने गुरुजींनी टिपून घेतली. म्हणजे मराठीतील एक मोठा ग्रंथ वर्गाबाहेर, कैद्यांसमोर घडला. कुरुंदकरांनी ‘रूपवेध’मध्ये सौंदर्यशास्त्र, ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरी आणि याखेरीज भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, मुस्लिम राजकारण असे कितीतरी विषय हाताळले. यांतले कोणते त्यांना कोणी नेमून दिले होते?

कोणी म्हणेल, ही असामान्यांची उदाहरणे. सामान्य विद्यार्थ्याला त्यांचा काय उपयोग? आम्हांस हा आक्षेप कुरुंदकरांच्या बाबतीत तरी टिकणारा वाटत नाही. पुण्या-मुंबईपासून दूर, नांदेडसारख्या गावी राहून, आधी शाळेत आणि मग महाविद्यालयात शिकवत त्यांनी हे सारे केले. ‘श्रीमान योगी’ ही रणजित देसाई यांची कादंबरी हाती घेणारा वाचक आजही प्रथम नांदेडच्या या मास्तरांच्या प्रदीर्घ प्रस्तावनेतून जातो.

जोश आणि फिराक यांना या हिशेबात आम्ही हेतुपुरस्सर घेतले आहे. मराठवाड्यातील जी पिढी निजामी राजवटीत वाढली, तिच्या माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती. जोश यांनी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागात काम केले आणि निजामाची गैरमर्जी ओढवून घेऊन त्यांना ते शहर सोडावे लागले. फिराक अलाहाबाद विद्यापीठात इंग्रजी शिकवीत आणि उर्दूत कविता लिहीत. उर्दूला पहिले ज्ञानपीठ मिळाले ते त्यांच्यामुळे. कुरुंदकरांपाठोपाठ तीन आठवड्यांच्या आत हे दोघे गेले. आमच्या मराठी विभागांत आज फिराक यांचे नाव गझलेच्या एखाद्या शेरापुरते उरले आहे. आजोबांची भाषा नातवाला परकी व्हावी, ही वजाबाकी कोणत्याही एका वर्षाच्या खाती मांडता येणार नाही.

आता स्मरणाच्या पद्धतीविषयी. स्मरण म्हणजे आरती नव्हे. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला, तेव्हा ते गाव आणि आमचे मुरुड एकाच हैदराबाद राज्यात होते. भूमिहीनांनी ८० एकर मागितले आणि एका जमीनदाराने १०० एकर देऊ केले. हा प्रसंग विलक्षण खराच. पण दान मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी नापीक होती व बरीच वाटलीच गेली नाही, हेही तितकेच खरे. आणीबाणीच्या काळात विनोबांच्या नावावर लागलेले ‘अनुशासन पर्व’ हे शब्द पुसता येत नाहीत. उलट, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे चिंतामणराव, सनदी अधिकारी म्हणून हयात काढलेले गृहस्थ, सत्तेला नकार देताना अधिक ठाम दिसतात. संत नमतो आणि अधिकारी ताठ उभा राहतो, असा हा उलटा पेच आहे. आदर राखूनही चिकित्सा करता येते, हे कुरुंदकरांनीच आपल्याला शिकवले. तेव्हा त्यांच्या स्मृतिदिनी त्यांची चिकित्सा टाळणे हा त्यांचाच अवमान ठरेल.

कुरुंदकर गेले तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणपन्नास होते. तेव्हाच्या औरंगाबादेत, एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच हृदयविकाराने त्यांना गाठले. शहाऐंशी वर्षांचे चिंतामणराव आणि सत्त्याऐंशीव्या वर्षी अन्न-औषध वर्ज्य करून देह ठेवणारे विनोबा यांच्या आयुष्यांना पूर्णता होती. कुरुंदकरांच्या बाबतीत मराठवाडा अर्ध्या वाक्यावर थांबला. ते वाक्य पुढे नेण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते ते आपणच, मराठी शिकणारे आणि शिकवणारे.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. भाषा विभागांनी पुण्यतिथीला हार-फुलांचा खर्च करू नये. एक वर्ष निवडावे, त्या वर्षी गेलेल्या चार-पाच जणांचे प्रत्येकी एक प्रकरण वर्गात वाचावे आणि वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांनी त्यांच्याशी भांडावे. त्यावर गुण मात्र देऊ नयेत.