नाव नसलेले बटण

दृष्टिहीन माणूस मोबाइल वापरतो कसा, याचे डोळसांना अजूनही नवल वाटते. वस्तुतः त्यात जादू काही नाही. पडद्यावर बोट फिरवले की बोटाखाली जे असेल ते फोन बोलून दाखवतो. दोनदा टिचकी मारली की ते बटण दाबले जाते. हे काम करणाऱ्या स्क्रीन रीडरपैकी अँड्रॉइडचा टॉकबॅक आणि आयफोनचा व्हॉइसओव्हर २००९ साली आले. संगणकावरचा एनव्हीडीए तर ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला, आणि तो फुकट मिळतो.

मग अडते कुठे? अडते ते नावापाशी. स्क्रीन रीडर बटणावरच्या चित्राऐवजी, ॲप लिहिणाऱ्याने चित्रामागे ठेवलेला शब्द वाचतो. शब्द ठेवलाच नसेल, तर भिंग असो, घर असो की कचऱ्याचा डबा, कानावर पुष्कळदा एकच पडते : 'बटण'. पुन्हा 'बटण'. पैसे पाठवणारे कोणते आणि व्यवहार रद्द करणारे कोणते, हे त्याने अंदाजाने ओळखायचे! शेवटी फोन शेजाऱ्याच्या हाती जातो. शिल्लक त्याला दिसते, पिनही त्यालाच सांगावा लागतो. एटीएमपाशी मागचा माणूस जरा वाकला तरी आपल्या कपाळाला आठ्या पडतात, हे इथे आठवावे.

नाव ठेवण्यातही थोडे डोके लागते. भिंगाला 'भिंग' म्हणून भागत नाही, 'शोधा' म्हणावे लागते. 'पाठवा बटण' असे नाव दिले तर स्क्रीन रीडर आपल्या पदरचे 'बटण' जोडतो आणि ऐकणाऱ्याला ते दोनदा ऐकावे लागते. दहा खातेदारांच्या यादीत दहा वेळा नुसते 'काढून टाका' ऐकू आले, तर कोणाला काढायचे? मराठीची तऱ्हा आणखी निराळी. दिसणारा मजकूर मराठीत होतो, पण चित्रामागचे शब्द अनेकदा अनुवादकापर्यंत पोहोचतच नाहीत.

कायदा नाही असे नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. एप्रिल २०२५ मध्ये तर डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तरीही 'खर्च परवडत नाही' हे उत्तर ठरलेले. संपूर्ण ॲप सुगम करणे खर्चिक असेलही. बटणाला नाव देणे म्हणजे बहुतेक वेळा एक ओळ लिहिणे.

खरी मेख पुढेच आहे. नवी आवृत्ती येते, बटणांची रूपे बदलतात आणि काल बोलणारे बटण आज मुके होते. म्हणून प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी ती अंध तपासनिसाच्या हाती द्यावी, आणि त्याला पगार द्यावा, आभारपत्र नव्हे. त्याने दहा रुपये पाठवून पाहावेत. जमले, तर मग 'आम्हाला पाच तारे द्या' ही मध्येच उपटणारी चौकट बंद करून पाहावी. तिच्या कोपऱ्यातल्या फुलीलाही पुष्कळदा नाव नसते.