बोटीवरच्या माणसाची विचारपूस



आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांची चूल बोटीवरच्या पगारावर पेटते. गेल्या पावसाळ्यात असाच एक तरुण नऊ महिन्यांची नोकरी आटोपून गोव्यास परतला. घरावर नवी कौले चढली, परंतु मुलगा मुकाच राहिला. एके सायंकाळी आमच्या ओसरीवर बसून तो म्हणाला, "फादर, पगार वेळेवर मिळे, जेवणही बरे होते. पण नऊ महिन्यांत 'तू कसा आहेस?' असे मला कोणी विचारले नाही. घरचा फोन आला की मीही 'सारे ठीक' म्हणून मोकळा होई."

हे शब्द आम्हांस अनेक दिवस टोचत राहिले. श्रम करणाऱ्यास मजुरी द्यावी, हे सर्वांस मान्य आहे. त्याच्या मनाची काळजी वाहणे ही मात्र मालकाची मेहरबानी समजली जाते. हा समज खोटा आहे. मजुरास गुलाम लेखू नये, त्याच्या माणूसपणाचा मान राखावा, असे परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मालकांस बजावले. १९२० साली ग्लासगो शहरात काही कॅथलिकांनी खलाशांसाठी जे प्रेषितकार्य आरंभिले, ते आज 'स्टेला मारिस' या नावाने ओळखले जाते. त्याचे धर्मगुरू व स्वयंसेवक बंदरात लागलेल्या बोटींवर जाऊन, कोणाचाही धर्म न विचारता, खलाशांची विचारपूस करतात.

कायद्यानेही आता हा हक्क ओळखला आहे. सागरी श्रमिकांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली जिनीव्हा येथे संमत झाला, २०१३ पासून अमलात आला व २०१५ साली भारताने तो स्वीकारला. त्याच्या विश्रांतीच्या नियमानुसार खलाशास चोवीस तासांत किमान दहा व आठवड्यात किमान ७७ तास विसावा मिळावयास हवा. गाऱ्हाणे मांडल्याबद्दल त्याचा छळ करता येत नाही. २०२० च्या महामारीत सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही बोटींवर अडकले, तेव्हा घराशी बोलता येणे ही चैन नसून गरज आहे, हे जगास पटले. डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मालकांनी शक्य तेथवर बोटीवर इंटरनेटची सोय करावयाची आहे, आणि आकार घेतलाच तर तो वाजवी असावा.

पण "तू कसा आहेस?" हा प्रश्न कायदा विचारू शकत नाही. तो माणसानेच माणसास विचारावा लागतो. तुमच्यापैकी जे बोटीवर वडीलधारे आहेत, त्यांनी नव्या पोरास जेवणाच्या वेळी शेजारी बसवून घ्यावे. त्याची टवाळी चालली असेल तर ती थांबवावी. बोटीवर अपघात वा मृत्यू घडल्यास, सोबत्यांस मन मोकळे करू द्यावे.

घरच्यांचाही यात वाटा आहे. मुलाचा आवाज ऐकताच कर्जाचा हप्ता व बहिणीच्या लग्नाचा खर्च त्याच्यापुढे मांडू नये. तो थकलो म्हणाला, तर "पुरुषासारखा पुरुष तू" असे म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. घरी आल्यावरही झोप उडाली, अन्न नकोसे झाले, वा जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा निघाली, तर डॉक्टरकडे नेण्यास विलंब करू नये. २०२२ साली सरकारने सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उघडा असतो व त्यास पैसे पडत नाहीत. मन आजारी पडणे हे पाप नव्हे, आणि घराण्यास कलंकही नव्हे.

तो तरुण पुढील महिन्यात पुन्हा बोटीवर चढणार आहे. त्याच्या मातेस आम्ही एकच विनंती केली आहे: बाई, फोन आला म्हणजे पैसे पोचल्याचे शेवटी सांगा. आधी त्यास विचारा, बाळा, रात्री झोप लागली काय? आणि त्याने उत्तर देईपर्यंत थांबा.